भाड्याचं घर राहण्याजोगं निघालं नाही तर

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न भाड्याच्या घरांचे आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या कायद्यापुरती आहेत. बंगळुरू किंवा दिल्लीत राहणाऱ्या वाचकांनी ती जशीच्या तशी तिकडे लावू नयेत. बहुतेक पत्रांच्या शेवटी एकच प्रश्न आहे, 'भाडं थांबवू का?' आमचं उत्तर सगळ्यांना एकच: आधी पत्र पाठवा. भाडं थांबवलं की थकबाकीदार तुम्ही ठरता, आणि गळकं छत बाजूला राहून वाद थकबाकीचा होतो.

प्रश्न : बाणेरला सातव्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरचा वन बीएचके १ मार्चपासून ११ महिन्यांसाठी घेतला. भाडं २२,०००, डिपॉझिट ७५,०००, लॉक-इन (ज्याआधी घर सोडता येत नाही ती मुदत) सहा महिन्यांचं. घर बघितलं तेव्हा नुकताच रंग दिलेला होता. एजंटने व्हॉट्सॲपवर 'टेरेसचं वॉटरप्रूफिंग गेल्याच वर्षी झालंय' असं लिहिलं होतं. १२ जूनला बेडरूमचं छत गळायला लागलं. पंख्याच्या हुकातून पाणी टपकतं, कपाटामागे काळी बुरशी आहे, मुलाचा खोकला जात नाही. मालक म्हणतात, 'टेरेस सोसायटीचं, त्यांना सांगा. आणि ऑगस्टच्या आत सोडलंत तर डिपॉझिट विसरा.' भाडं थांबवू का? (वाचक, पुणे)

उत्तर : सगळ्यात आधी, आजच, त्या खोलीच्या पंख्याचा आणि दिव्याचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडून ठेवा. हुकातून येणारं पाणी वायरिंगच्या पाइपातून येतं. पंखा चालतोय म्हणून धोका नाही असं समजू नका. मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवा, आणि डॉक्टरांनी तपासलं तर त्यांच्या कागदावर घरातल्या ओलीचा उल्लेख करायला सांगा.

आता करारनामा काढा. त्यावर 'लिव्ह अँड लायसन्स' लिहिलेलं असणार. म्हणजे कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नाही, लायसेन्सी (जागा वापरण्याचा नुसता परवाना असलेले) आहात. हा फरक नुसता शब्दांचा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधलं कलम १४, म्हणजे मालकाने दुरुस्ती केली नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करण्याचा हक्क, भाडेकरूसाठी आहे. समाजमाध्यमांवर फिरणारा 'दुरुस्ती करा आणि भाड्यातून कापा' हा सल्ला म्हणूनच लिव्ह अँड लायसन्सवाल्यांना अडचणीत आणतो. करारात तसं लिहिलं असेल किंवा मालकाने मेसेजवर कबूल केलं असेल तरच कापा.

मग तुमच्या हातात काय उरतं? बरंच काही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ चं कलम ५७ सांगतं की जागेत जिवाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष असेल, मालकाला तो माहीत असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. कलमात शब्द धोक्याचा आहे, गैरसोयीचा नाही. म्हणून फोटो काढताना नुसते डाग काढू नका. हुकातून टपकणारं पाणी, सुटलेला गिलावा, भिजलेली गादी यांचे काढा.

दुसरा आधार करार कायद्याचा. खोट्या किंवा चुकीच्या माहितीवर मिळवलेली संमती कलम १९ नुसार तुम्ही रद्द करू शकता. यात एक मेख आहे. दोषाबद्दल मालक नुसता गप्प राहिला असेल, आणि साधी दक्षता घेऊन तुम्हाला तो कळू शकला असता, तर हा हक्क दुबळा होतो. पण मार्चमधल्या कोरड्या, ताज्या रंगाच्या छताकडे बघून जूनमधली गळती कुणाला कळणार? आणि इथे तर एजंटने वॉटरप्रूफिंग झाल्याचं लिहून दिलं आहे. तुमच्या सगळ्या कागदांत तो मेसेज सर्वांत मोलाचा. त्याचा स्क्रीनशॉट पुरत नाही; मूळ मेसेज ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन जवळ असला की ते सोपं जातं.

मालकाला आधीपासून माहीत होतं हे दाखवायचं असेल तर त्याच मजल्यावरच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये विचारा, आणि सोसायटीच्या सचिवांना या फ्लॅटमधून गळतीची जुनी तक्रार आली होती का ते विचारा. फक्त बेडरूमच्याच छताला नवा रंग आणि हॉलला जुना, असं असेल तर तेही फोटोत घ्या.

गळती टेरेसचीच आहे ना, हे पक्कं करून मगच पत्र लिहा. नाहीतर पहिल्याच उत्तरात तुम्हाला खोडून काढतील. पाऊस लागल्यावर काही तासांनी सुरू होते आणि उघडीप मिळाली की चार-सहा दिवसांत ओसरते ती टेरेसची. बारा महिने सारखी असते ती पाण्याच्या टाकीची किंवा पाइपची. टेरेसवरच्या ब्रिकबॅट कोब्यात (विटांचे तुकडे घालून केलेल्या थरात) पाणी साठून राहतं आणि पाऊस थांबल्यावरही झिरपत राहतं. त्यामुळे 'आज तर ऊन आहे, मग पाणी कुठलं?' या बोलण्यात तथ्य नाही. रोज सकाळी एकाच जागेवरून एक फोटो काढा आणि त्या दिवशी पाऊस होता की नव्हता ते लिहून ठेवा. दहा दिवसांची अशी नोंद कुठल्याही तज्ज्ञाच्या मताइतकी बोलते. कपाटामागच्या भिंतीचं वेगळं बघा. फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ गार भिंतीवर जमते आहे. तिथे कपाट वीतभर पुढे ओढणं आणि खिडकी उघडी ठेवणं हाच उपाय, त्याचा ठपका मालकावर ठेवता येणार नाही.

'टेरेस सोसायटीचं' हे मालकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) टेरेसची दुरुस्ती आणि टेरेसमधून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत व गिलावा हा सोसायटीचा खर्च. फ्लॅटमधल्या संडास, सिंक वगैरेंची गळती ज्या त्या सभासदाची. पण सोसायटीचे सभासद मालक आहेत, तुम्ही नाही. तुमचा करार मालकांशी आहे आणि भाडंही तेच घेतात. सोसायटीला लेखी कळवून पाठपुरावा करणं हे त्यांचं काम. तुम्ही फक्त तुमच्या पत्राची प्रत सचिवांना द्या आणि त्यावर पोच घ्या.

पत्र साधं असावं. असं लिहिता येईल: 'आपल्या सदनिकेच्या बेडरूमचं छत १२ जूनपासून गळत आहे. पंख्याच्या हुकातून पाणी येत असल्याने तिथली वीज बंद ठेवली आहे. तारखांसह फोटो सोबत आहेत. टेरेसवर तात्पुरतं आच्छादन सात दिवसांत घालून घ्यावं, आणि कायमची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत होईल ते १५ दिवसांत लेखी कळवावं. बेडरूम वापरता येत नाही तोवर भाड्यात दरमहा ६,००० रुपये सूट द्यावी. मुदतीत काही न झाल्यास घर राहण्यायोग्य नसल्याने करार संपवून मी ताबा सोडेन. त्या दिवशी पूर्ण अनामत परत मिळावी.' करारात मालकांचा जो पत्ता आहे त्यावर स्पीड पोस्टाने, पोच मागवून पाठवा आणि तेच पत्र व्हॉट्सॲपवर व ईमेलवरही टाका.

यात तात्पुरतं आच्छादन आणि कायमची दुरुस्ती असे दोन भाग मुद्दाम केले आहेत. वॉटरप्रूफिंगला कोरडा पृष्ठभाग लागतो, भर पावसात ते नीट होत नाही. 'पंधरा दिवसांत वॉटरप्रूफिंग करा' अशी मागणी केलीत तर मालक 'हे शक्यच नाही' म्हणून सुटतील. ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक मात्र सात दिवसांत घालता येतं, त्याला सबब नाही. मालकांनी आतून रंगारी पाठवला तर नम्रपणे पण लेखी नकार द्या. वरून पाणी येत असताना आतून दिलेला रंग, मग तो कितीही महागडा 'वॉटरप्रूफ' असो, महिन्याभरात फुगून पोपडे धरतो, आणि 'आम्ही काम करून दिलं' एवढी नोंद तेवढी मालकांच्या बाजूने जमा होते.

आता लॉक-इन. समजा तुम्ही १५ जुलैला घर सोडलंत. लॉक-इन ३१ ऑगस्टला संपतं, म्हणजे उरलेलं भाडं दीड महिन्याचं, ३३,००० रुपये. ७५,००० गिळण्याला इथेच आधार उरत नाही. पुढे करार कायद्याचं कलम ७४ असं की करारात दंड लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. १ ऑगस्टला नवा माणूस राहायला आला तर मालकांचं नुकसान पंधरवड्याचं, ११,००० चं. आणि मुळात घर राहण्याजोगं ठेवलं नाही ते त्यांनीच, मग हा दावाही डळमळीत होतो. बोलणी इथून सुरू करा. आमच्या मते अशा प्रकरणात पंधरवड्याचं भाडं सोडून देऊन उरलेलं डिपॉझिट त्याच दिवशी हातात घेणं, दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा बरं. पण ते तुमच्या खुशीने व्हावं, धमकीला भिऊन नव्हे.

सोडताना रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ, वीज मीटरचं रीडिंग, आणि 'करार अमुक तारखेला संपला, ताबा व किल्ल्या मिळाल्या' अशा दोन ओळींवर दोघांच्या सह्या. मालक किल्ली घ्यायलाच आले नाहीत तर तारीख-वेळ कळवणारं पत्र आधी पाठवा, त्या वेळी दोन साक्षीदारांसमोर कुलूप लावा आणि किल्ल्या स्पीड पोस्टाने पाठवा. किल्ली तुमच्याकडे राहिली की ताबा तुमच्याकडेच आहे असं म्हणायला जागा राहते.

एजंटला दिलेल्या दलालीचं वेगळं आहे. पैसे घेऊन दिलेली ती सेवा आहे, आणि खोटी माहिती देणं ही सेवेतली त्रुटी. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही.

प्रश्न : ठाण्यात राहतो. आठवड्यातून तीन दिवस पाणी येत नाही अशी लेखी तक्रार केली, तर दुसऱ्याच दिवशी घराची वीज गेली. मालकांचा भाऊ म्हणतो, घर सोडा मग वीज येईल. (वाचक, ठाणे)

उत्तर : वीज नक्की कशी गेली ते आधी बघा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो. बिलावरच्या ग्राहक क्रमांकाने वीज कंपनीच्या ॲपवर थकबाकी तपासा, १९१२ वर फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. बिल थकल्यामुळे तोडली असेल तर कंपनीने विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायला हवी होती; ती मालकांच्या नावावर आली असेल आणि तुमच्यापर्यंत पोहोचलीच नसेल. थकबाकी भरून पावती जपा आणि ती रक्कम भाड्यात वळती करण्याबद्दल मालकांना मेसेज करा. मीटर-रूममधला फ्यूज काढला असेल किंवा वायर सोडवली असेल तर त्याला स्वतः हात लावू नका. वायरमनला बोलवा आणि त्याने काय पाहिलं ते कंपनीच्या तक्रारीत नोंदवून घ्या.

मालकाने किंवा त्याच्या वतीने कुणी वीज, पाणी, जिन्यातले दिवे, लिफ्ट, सांडपाण्याची सोय तोडणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने गुन्हा ठरवलं आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची किंवा दंडाची. त्याच कलमाखाली न्यायालयाकडे अर्ज करून पुरवठा पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश मागता येतो. कलमात शब्द 'भाडेकरू' आहे, त्यामुळे लिव्ह अँड लायसन्स असेल तर वकिलाला सांगून कराराचा भंग आणि मनाई हुकूम हे दोन्ही आधार अर्जात घाला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की वीज ही मूलभूत गरज आहे आणि मालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही. जागा अर्जदाराच्या ताब्यात आहे की नाही एवढंच वीज कंपनीने बघायचं.

पोलीस ठाण्यात तक्रार द्या. बहुतेक वेळा ती अदखलपात्र म्हणून घेतील. हरकत नाही, पण एनसीची, म्हणजे अदखलपात्र तक्रारीच्या नोंदीची, प्रत मागून घ्या. सामान बाहेर काढायला किंवा कुलूप बदलायला कुणी आलं तर ११२ लावा. कोर्टाच्या आदेशाशिवाय ताबा घेण्याचा अधिकार मालकालाही नाही. आणि या महिन्याचं भाडं रोख देऊ नका, पण द्या; बँकेतून, तारखेच्या आत.

पाण्याच्या तक्रारीचं सांगायचं तर, किती दिवस, किती वेळ पाणी आलं याची नोंद आणि तुम्ही स्वतः मागवलेल्या टँकरच्या पावत्या ठेवा. 'पाणी नसतं' या वाक्याने काही होत नाही. 'जुलैत ३१ पैकी १३ दिवस पाणी नव्हतं, चार टँकरचे इतके रुपये गेले' याने होतं.

प्रश्न : नाशिकचं घर करार संपल्यावर ३१ मार्चला सोडलं. डिपॉझिट ६०,००० होतं. मालकाने रंगकाम, नळ, 'डीप क्लीनिंग' असं करत ३८,००० कापले. नवा केंद्रीय कायदा म्हणतो की डिपॉझिट दोनच महिन्यांचं असावं, त्याचा उपयोग होईल का? माझा भाऊही घर सोडतोय, त्याने डिपॉझिट मिळेपर्यंत तिथेच राहावं का? (वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही म्हणता तो आदर्श भाडेकरार कायदा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये त्याला मंजुरी दिली, पण तो राज्यांसाठी नमुना आहे आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. त्याच्या जोरावर इथे काही मागू नका. तुमचा आधार करारातलं अनामतीचं कलम.

वापराने होणारी झीज, म्हणजे रंग फिका पडणं, खिळ्याची चार भोकं, नळाचा वॉशर जाणं, ही भाड्यातच धरलेली असते. करारात 'सोडताना रंगकाम लायसेन्सीच्या खर्चाने' असं स्पष्ट लिहिलं असेल तर मात्र ते लागू. फुटलेली काच, जळलेला ओटा, मुलांनी रंगवलेली भिंत तुमची. मालकाला आठ दिवसांची मुदत देऊन प्रत्येक कपातीची पावती मागा. बिलं नुसत्या अंदाजाची असतात तिथे या एका पत्रानंतर बरेचदा निम्मी रक्कम परत येते. न आल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे खटलापूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत अर्ज करा. त्याला कोर्ट फी नाही, आणि तिथे झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्यासारखी बजावता येते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकीलही मिळतो. हेही फळलं नाही तर पैशाच्या वसुलीचा दिवाणी दावा; मुदत तीन वर्षं.

भावाला मात्र आजच फोन करा. करार संपल्यावर तो घरात राहिला तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार मालकाला परवाना शुल्काच्या (म्हणजे करारातल्या भाड्याच्या) दुप्पट दराने भरपाई मागता येते, आणि त्या कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबाही. तो दरवाजा फक्त मालकासाठी आहे. डिपॉझिटसाठी तिथे तुम्हाला जाता येत नाही. 'डिपॉझिट मिळेपर्यंत राहता येईल' असं करारात लिहिलेलं असलं तर गोष्ट वेगळी. नसेल तर शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी लेखी कळवावं, आठवडाभर आधी मालकाला घर दाखवून कपात काय असेल ती मेसेजवर लिहून घ्यावी, आणि शेवटच्या दिवशी पैसे बँकेत दिसले की किल्ली द्यावी. हे सगळं शेवटच्या तारखेच्या आत.

प्रश्न : आम्ही चार जणी नोकरीसाठी छत्रपती संभाजीनगरला आलो. मालकाने ५०० रुपयांच्या स्टँपवर नोटरी करून दिली, रजिस्ट्रेशन केलं नाही. संडास तुंबतो, वर मालक म्हणतो तुमचा करार 'कच्चा' आहे, तुम्हाला कसले हक्क? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : उलट आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार महाराष्ट्रात भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की तीन. 'अकरा महिन्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही' हे इतर बऱ्याच राज्यांतलं खरं, इथलं नव्हे. नोंदणीची जबाबदारी मालकाची, चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. त्याहून महत्त्वाचं हे की करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणून काय ठरलं होतं ते चौघींनी मिळून आत्ताच एका मेसेजमध्ये मालकाला लिहून पाठवा: भाडं किती, डिपॉझिट किती, प्लंबिंगची दुरुस्ती कुणाकडे. तो त्यावर गप्प राहिला तरी नोंद तुमच्या बाजूने राहते. संडासासाठी सात दिवसांची मुदत पुरे.

प्रश्न : फर्निश्ड घर घेतलं, तिसऱ्या रात्री ढेकूण. खर्च कुणाचा? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : तिसऱ्याच रात्री दिसले म्हणजे ते मालकाच्या पलंगातले. आजच कळवा, दोन महिन्यांनी कळवलंत तर 'तुमच्या सामानातून आले' हे खोडता येणार नाही. घर चार महिने बंद होतं म्हणून ढेकूण नसतील, असं होत नाही; रक्त न पिता ते महिनोन्‌महिने तगतात. चिकटपट्टीवर दोन-तीन पकडून ठेवा. गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे, स्विचबोर्डच्या पट्ट्यांमागे काळे ठिपके दिसतील, त्यांचे फोटो घ्या. एका फवारणीने काम होत नाही, कारण अंडी वाचतात आणि आठवड्या-दहा दिवसांत फुटतात. दुसरी फवारणी १२ ते १५ दिवसांनी हवीच. पेस्ट कंट्रोलवाल्याशी दोन्हींचं मिळून ठरवा आणि बिल मालकाच्या नावाने घ्या. चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवा. पलंग लाकडी असेल आणि सांध्यांत वसाहत असेल तर तो हलवायला सांगा, फवारणीच्या पैशांवर पाणी पडण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : गिरगावातल्या आमच्या पागडीच्या चाळीत १८ भाडेकरू आहेत. जिना खचलाय, सामायिक संडासाचं छत पडलंय. मालक ३५० रुपये भाडं घेतो आणि 'एवढ्यात काय दुरुस्ती करू' म्हणतो. आम्ही स्वतः करून भाड्यातून वळवू का? (वाचक, मुंबई)

उत्तर : तुम्ही खरेखुरे भाडेकरू आहात, त्यामुळे भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ तुमच्यासाठी आहे. मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, त्यानंतर वाजवी वेळेत काम झालं नाही तर एकत्र मिळून करायचं आणि खर्च ज्याच्या त्याच्या भाड्याच्या प्रमाणात वळता करायचा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. तुमचा हिशेब केला तर वर्षाचं भाडं ४,२०० रुपये, त्याचा चौथा हिस्सा १,०५०, १८ जणांचे मिळून १८,९००. जिना यात होत नाही. फार तर दिवे, पाइप, संडासाचं पत्र्याचं छप्पर होईल.

जिन्यासाठी दुसरीकडे जा. चाळ ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची आणि उपकरप्राप्त असेल तर म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे सगळ्यांच्या सह्यांनी अर्ज द्या. दुरुस्तीसाठीच तुमच्याकडून उपकर घेतला जातो. भाडं मात्र एक महिनाही थकवू नका. थकबाकीची नोटीस आली आणि ९० दिवसांत भरलं नाही तर मालकाला ताबा मागायला निमित्त मिळतं, आणि काही मालक त्याचीच वाट बघत असतात. भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पावती जपा.

इमारतीला महापालिकेची सी-१, म्हणजे अतिधोकादायक, नोटीस आली तर जिवाचा विचार आधी करा आणि बाहेर पडा. त्याने हक्क जात नाही. इमारत पाडली म्हणून भाडेकरूपण संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. पण निघण्यापूर्वी पालिकेकडून भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाच्या खोलीचं चटई क्षेत्र नोंदवून घ्या, त्याची शिक्का मारलेली प्रत घ्या. उद्या नव्या इमारतीत किती जागा मिळणार याचं मोजमाप याच कागदावरून होणार, आणि पाडलेल्या भिंती पुन्हा मोजता येत नाहीत.

प्रश्न : पुढच्या महिन्यात घर घ्यायचं आहे. हे सगळं टाळायला आधी काय बघू? (वाचक, पिंपरी)

उत्तर : घर दोनदा बघा, एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी सात-आठला, पाण्याचा दाब कमी असतो तेव्हा. सगळे नळ एकदम सोडून फ्लश ओढा. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जाळीत, बादलीभर पाणी ओता. ते गुरगुरत मागे आलं तर लाइन तुंबलेली आहे. सिंकखालचं कपाट, खिडकीच्या चौकटीचे खालचे कोपरे आणि पलंगामागची भिंत हाताने चाचपा. लोणा लागलेला असेल तर बोटाला पांढरी भुकटी येते. नाण्याने गिलावा ठोकून पाहा, पोकळ वाजला तर आत सुटलाय. डीबी (खटक्यांची पेटी) उघडून ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा खटका, आहे का बघा आणि त्याचं टेस्ट बटण दाबा. खट्‌कन पडायला हवा. गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर तो बाहेर काढून दिल्याशिवाय घर घेऊच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. ही एक अट अशी आहे की तिच्यात आम्ही तडजोड सुचवणार नाही.

मालकीसाठी इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि ताजं वीजबिल मागा, दोन्हींवरचं नाव करारातल्या नावाशी जुळतंय ना बघा, आणि डिपॉझिट त्याच नावाच्या खात्यात भरा. एजंटच्या हातात नाही. करार ऑनलाइन नोंदवला जातो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, २२,००० भाडं आणि ७५,००० डिपॉझिटला ११ महिन्यांचं सहा-सातशे रुपये होतं. शहरात नोंदणी फी १,०००. हे आकडे माहीत असले की 'ॲग्रीमेंटचे' म्हणून कुणी सात-आठ हजार मागितले तर त्यातले एजंटचे किती ते विचारता येतं.

मसुदा आदल्या दिवशी मागून घ्या. दोन वाक्यं त्यात नसतील तर घालायला सांगा (लायसेन्सर म्हणजे मालक). एक: 'गळती, वीज, पाणी व सांडपाणी यांचे दोष लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत लायसेन्सर दुरुस्त करेल, न केल्यास लायसेन्सी दुरुस्ती करून पावतीनुसार खर्च शुल्कातून वळता करेल.' दोन: 'घर राहण्यायोग्य न राहिल्यास लॉक-इन लागू राहणार नाही आणि ताबा परत देताना अनामत परत दिली जाईल.' अंगठा मशीनवर ठेवण्याआधी ही वाक्यं स्क्रीनवर उतरली आहेत का ते स्वतः वाचा. 'तेवढं नंतर टाकू' म्हणाले तर अंगठाही नंतरच ठेवा.